मालकांची डावी टाच

चिखलीपासून चाकणपर्यंत बुटांची जेवढी म्हणून दुकानं आहेत, त्यातल्या एकाही दुकानदाराला आमच्या खोलीमालकांनी सुखानं जगू दिलेलं नाही. हे मी वाढवून सांगत नाही. म्हणजे मी सगळंच थोडं वाढवून सांगतो, तो माझा स्वभाव आहे, पण यात नाही. मालक लांबून लंगडत येताना दिसले की एक दुकानदार देवापुढची उदबत्ती विझायच्या आत शटर अर्धं खाली ओढायचा आणि सकाळी साडेनऊ वाजता "जेवायची सुट्टी आहे" म्हणून सांगायचा. दुसऱ्यानं त्यांना बुटांच्या दुकानात, बुटांच्या ढिगात बसवून, हात जोडून विचारलं होतं, "काका, तुम्ही चपलाच का नाही वापरत?" तिसरा तेवढा शहाणा निघाला. मालक आत आले की तो काही न बोलता स्टूल पुढं करायचा, पंखा त्यांच्याकडं वळवायचा आणि बायकोला फोन लावून सांगायचा की आज जेवायला माझी वाट बघू नको.

तसे ते नुसते खोलीमालक नाहीत. चाकणच्या ज्या कंपनीत मी लागलो तिथं ते फायनल इन्स्पेक्शनला होते. गाड्यांना लागणारी ब्रॅकेटं आमच्याकडं प्रेसवर दाबून निघतात आणि बाहेर जायच्या आधी शेवटची त्यांच्या टेबलावरून जायची. मी औशाचा, आयटीआय करून आलेला, पहिल्या दिवशी हातात पिशवी घेऊन त्या टेबलापाशी उभा. त्यांनी माझ्याकडं न बघता हातातली ब्रॅकेट उजेडात धरली आणि विचारलं, "ऱ्हायला जागा हाय का?" मी म्हटलं, नाही. "मंग सुटल्यावर चल." झालं. चिखलीत वडिलांच्या जमिनीवर त्यांच्या बारा खोल्या आहेत आणि निम्मी लाइन त्या खोल्यांत राहते, म्हणून कंपनीतही त्यांना सगळे "मालक"च म्हणायचे. त्यात एक नवे मॅनेजर साहेब आले. जो तो म्हणतोय, "मालकांना विचारतो," "मालक नको म्हणाले," "मालकांनी लॉट थांबवला." साहेब बिचारे दोन दिवस हे समोरून आले की उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना कँटीनच्या रांगेत ताट घेऊन उभं बघितलं आणि ते जे गोंधळले ते शेवटपर्यंत थोडे गोंधळलेलेच राहिले. कंपनी नेमकी कुणाची, ही शंका त्यांच्या मनातून गेली असं मला वाटत नाही.

लोक खिशाला पेन लावतात, मालक सहा इंची स्टीलची पट्टी लावायचे. झोपतानाही, असं काकू म्हणतात. काकू म्हणजे मालकांच्या मिसेस. त्यांनी केलेली भाकरी मालक आधी कडेनं बघायचे. "आज डावीकडनं जाड हाय," असं म्हणायचे आणि मग खायचे. काकू म्हणायच्या, "जाड बाजूनं खा, पोट भरंल." कंपनीत खराब मालाला लाल चिठ्ठी लावतात आणि तिच्यावर कारण लिहितात. ती सवय मालकांनी घरी आणली. गळक्या नळाला लाल चिठ्ठी, मिक्सरला लाल चिठ्ठी, लोणच्याच्या बरणीला लाल चिठ्ठी, कारण: मीठ. एकदा सात नंबरच्या खोलीतला गडी पिऊन आला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराला लाल चिठ्ठी लटकत होती. "वापरास अयोग्य. कारण: डोकं." त्यानं ती जपून ठेवलीय. लग्न ठरवताना सासऱ्याला दाखवू नका एवढंच तो सगळ्यांना सांगतो.

अशा माणसाची टाच दुखायला लागली. एका सकाळी त्यांनी पलंगावरून पाय खाली टेकला आणि असे ओरडले की काकूंना वाटलं पायाखाली साप आला. साप नव्हता, काहीच नव्हतं, साधी फरशी होती. दहा-वीस पावलं टाकली की जरा मोकळं व्हायचं, आणि दुपारनंतर उभं राहून राहून परत सुरू. "खिळ्यावर उभा केल्यावानी वाटतंय," म्हणायचे. डॉक्टरांनी फोटो काढला, टाचेच्या हाडाला काटा आलाय आणि तळव्याचा पडदा सुजलाय म्हणून सांगितलं, थोड्या गोळ्या दिल्या, पायरीवर उभं राहून टाच खाली सोडायचा व्यायाम दाखवला आणि जाता जाता एक वाक्य बोलले. "आणि चांगले बूट घाला." त्या एका वाक्यानं पुढचे सहा महिने आमच्या सगळ्यांचा जो गोंधळ झाला, त्याची त्या डॉक्टरांना कल्पना नसेल.

"चांगलं म्हंजी कसं?" मालकांनी विचारलं. मी सोबत होतो.

"मऊ," डॉक्टर म्हणाले, "पण फार मऊ नको, आधार पाहिजे. टाच थोडी उंच, पण जास्त उंच नको. पायाला धरून बसणारा, पण आवळणारा नको."

मालकांनी खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. "डाक्टर, तुमी ड्रॉइंग द्या. थोडी, जास्त, फार, असलं काय मोजता येत न्हाई."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीवरच्या सांगाड्याकडं बघायला लागलो.

ड्रॉइंग मिळालं नाही, सल्ले मात्र ढीगभर मिळाले. कंपनीच्या बसचे ड्रायव्हरभाऊ म्हणाले, मऊ घातला की पाय आळशी होतो, कडकच घ्या. सात नंबरवाला म्हणाला, मालक, स्पंजसारखा घ्या, माझा भाऊ तसला घालतो, त्याला चालतोय हेच कळत नाही. कुणी म्हणालं बूट एक नंबर मोठा घ्या, कुणी म्हणालं एक नंबर लहान घ्या, पाय बांधलेला राहतो. एकानं गरम विटेवर टाच ठेवायला सांगितली, एकानं पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली फिरवायला सांगितली. मालकांना कुणालाच नाही म्हणवत नाही. ते संध्याकाळी आधी काकूंनी गरम करून दिलेलं रुईचं पान टाचेला बांधायचे, मग ते सोडून गोठलेली बाटली फिरवायचे, मग परत पान. "टाचंला कळंना उन्हाळा हाय का हिवाळा," असं स्वतःच म्हणायचे आणि हसता हसता पाय जरा हलला की "आयाया" करायचे.

हसण्यावारी गेलं असतं, पण नव्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. फायनल इन्स्पेक्शनचं टेबल उभ्यानं काम करायचं. आठ तास. बसून ब्रॅकेट नीट फिरवता येत नाही आणि समोरून येणारा माल दिसत नाही. साहेब चांगले होते, खरंच काळजीनं बोलत होते. "काका, रिटायरमेंटला सहाच महिने राहिलेत ना? तुम्ही रेकॉर्ड रूमला बसा. चेअर आहे, एसी आहे, एकदम कूल. हे पोरगं बघेल टेबल." हे पोरगं म्हणजे मी. मी तिथंच दाराशी मापं तपासायच्या गेजचा डबा घेऊन उभा होतो आणि कुठं बघावं ते मला कळेना.

"थंडीत भाजी ठिवत्यात साहेब," मालक म्हणाले, "मानूस न्हाई."

शेवटी असं ठरलं की महिनाअखेरपर्यंत बघायचं. मालक पूर्ण शिफ्ट उभे राहू शकले तर टेबल त्यांचं, नाहीतर रेकॉर्ड रूम. कंपनीचे सेफ्टी शूज टाचेखाली फळीसारखे होते, म्हणून बाहेरचे घालायची परवानगी आधीपासूनच मिळालेली होती, फक्त पुढं लोखंडी टोपी पाहिजे. परत येताना बसमध्ये मी जरा घाबरतच म्हटलं, "मालक, बारा खोल्या आहेत, कशाला एवढा त्रास घेता?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोल्या बापाच्या जमिनीवर हायत रं. जमीन त्याची, नाव त्याचं. ते टेबल तेवढं माझं हाय. त्याच्यापाशी मी माझ्या पायांनी हुबा ऱ्हायलो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला द्यायचंच हाय की. पन मी दिऊन जाईन. काढून घ्यायचं न्हाई कुनी." मला ते टेबल पाहिजे होतं का? पाहिजे होतं. मालक तिथून जावेत असं वाटत होतं का? अजिबात नाही. दोन्ही एकदम खरं कसं असू शकतं हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

तर बूट. खरेदीला मी कायम सोबत असायचो आणि त्यांची एक ठरलेली पद्धत होती. कंपनीत मशिन सुरू झाली की पहिला पीस इन्स्पेक्टरकडं येतो, तो ओके झाला की मगच पुढचा माल चालू होतो. मालकांचा या पहिल्या पिसावर देवासारखा विश्वास. म्हणून ते सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकान उघडता उघडता पोचायचे. सगळं ताजं असतं, दुकानदार ताजा, पाय ताजा. मांडणीवर एकाच पायाचा बूट ठेवलेला असतो, बहुतेक उजवा. तो काढायचा, पट्टीनं टाचेची उंची मोजायची, तळ अंगठ्यानं दाबायचा, पुढून वाकवून बघायचा, नाकाला लावायचा. नाकाला का, ते मी कधी विचारलं नाही. मग स्टुलावर बसून पँट घोट्याच्या वर ओढून बूट घालायचा, पाच पावलं पुढं, पाच पावलं मागं. मग डोळे मिटून उभं राहायचं. दुकानदारही श्वास धरून उभा. मग डोळे उघडून म्हणायचं, "ओके." कधी कधी नऊ जोड नाकारून दहावा ओके व्हायचा, आणि कधी एकही व्हायचा नाही. तरी घ्यायचे. कारण सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर दुकानदाराची भवानी होत नाही, त्याचा दिवस खराब जातो, आणि सकाळी सकाळी कुणाच्या धंद्याचं वाईट करणं मालकांना जमत नाही. दुकानदाराला ते गेलेले पाहिजे असायचे, यांना निघायचं असायचं, आणि दोघंही त्या भवानीपायी एकमेकांना सोडू शकत नव्हते.

आणलेला बूट सोमवारी सकाळी भारी वाटायचा. दुपारी बारापर्यंत ते टेबलाला हात टेकायला लागायचे, दोनपर्यंत एका पायावर उभे, आणि बसमध्ये चढताना माझा खांदा धरायचे. संध्याकाळी त्या बुटाला लाल चिठ्ठी. "नामंजूर. कारण: टाच." व्हरांड्यात अशी रांगच लागली. टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून ते भाडेकरूंना वाटायचे. पाय कुणाचा कितीही असो, बूट नऊ नंबर. सहा नंबरचा पाय असलेला सात नंबरच्या खोलीतला गडी पुढं दोन रुमाल कोंबून घालायचा. पहिल्या शिफ्टला आम्ही सगळे खाली उतरलो की बारा खोल्यांचा एकच आवाज यायचा, धपाक धपाक, सैल बुटांची पलटण निघाल्यासारखा. काकू जिन्यात उभ्या राहून म्हणायच्या, "मला बघाया आलते तवा चहा संपायच्या आत व्हय म्हनले. बुटाला सहा म्हैने! त्या येळंला पट्टी नव्हती खिशात म्हनून मी ह्या घरात आले."

आता माझं सांगतो. मी नकला करतो. शाळेत हेडमास्तरांची करून मार खाल्लाय, कंपनीत साहेबांची करून चहा पिलाय. बसमध्ये जाता-येता फर्माईश असते आणि मालक मला नावानं हाक मारतच नाहीत, "नकल्या" म्हणतात. पण मालकांची नक्कल मी त्यांच्यासमोर कधी केली नव्हती. महिनाअखेरीला आठवडा राहिला होता. शिफ्ट सुटून बस तळवड्याच्या चौकात अडकलेली, पुढं ट्रेलर आडवा, कुणी हलत नव्हतं. पोरं म्हणाली, "भावा, मालकांची कर ना, बुटाची." मी मागं बघितलं. मालक शेवटच्या सीटवर तोंडावर रुमाल टाकून झोपलेले. मग मला काय, चढलाच जोर.

मी अख्खं दुकान उभं केलं. शटर, उदबत्ती, पंखा वळवणारा दुकानदार, हवेतला बूट, पट्टी, नाक. सीटच्या दांड्यावर टेकून पँट वर ओढली, बूट घातला, पाच पावलं पुढं, पाच मागं, डोळे मिटले. "ओके." बस हसून हसून आडवी. मग दुपारचे दोन वाजलेले मालक केले, लंगडत, बसच्या मधल्या वाटेनं, खांदा शोधत. आणि तेवढ्यात ड्रायव्हरभाऊ आरशात बघून म्हणाले,

"अय, चुकला रे तू."

"काय चुकलं?"

"बूट घातला उजव्या पायात अन् लंगडतोय डाव्यानं."

"तसंच आहे भाऊ. मालकांचा डावा दुखतो."

"मग दुकानात डावा घालून दाखव की. दुखतोय डावा अन् बघतोय उजवा, असं कोण करतं?"

बाकीचे पण बोलायला लागले. "खरंय राव, चुकलास." "उतर खाली, पैसे परत." आता नकलेत चूक काढली की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "अरे चौदा वेळा सोबत गेलोय मी! उजवाच घालून बघतात. पँट उजवीच वर करतात. मी काय मनानं करतो का?" मी एवढं भांडत होतो, आणि देवाशपथ सांगतो, मी जे ओरडून सांगतोय त्याचा अर्थ माझ्या मलाच कळला नव्हता. मला फक्त माझी नक्कल बरोबर ठरायला पाहिजे होती.

"परत कर," मागून आवाज आला.

मालक रुमाल बाजूला करून बसले होते. मी म्हटलं, "मालक, चेष्टा होती, सॉरी."

"सॉरी ऱ्हाऊ दे. दुकानाचं परत कर. सावकाश."

मी परत केलं. कंपनीत ब्रॅकेट उजेडात धरायचे तसे ते माझ्या पायाकडं बघत होते. मी पँट वर ओढली. उजवी. त्यांनी स्वतःच्या पायाकडं बघितलं. एकदा डावा जरा पुढं केला, एकदा उजवा. परत डावा. बाहेर मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते, ट्रेलर निघाला होता, पण ड्रायव्हरभाऊंनी बस हलवली नाही.

"बरोबर हाय त्याचं," मालक म्हणाले. "पीस ओके."

मग त्यांनीच सांगितलं, आम्हाला कमी आणि स्वतःला जास्त. आमची ब्रॅकेटं जोडीनं निघतात, एका दाबात डावी आणि उजवी, एकाच डायमधून, म्हणजे साच्यातून. पहिल्या पिसाला मालक उजवीला सगळी गेज लावायचे आणि डावी नजरेनं बघून सोडायचे. उजवी ओके तर डावी ओके, वर्षानुवर्षं तसंच. बुटाचंही तेच झालं. जोडीतला एक बघितला की झालं. "आन दुसरं म्हंजी," ते जरा थांबले, "त्यो पाय बिचारा दुखतोय. त्याला आनि कशापायी दुकानात काढायचा, घालायचा, चालवायचा? आजाऱ्याला बाजारात न्हेत्यात व्हय? घरी बसवायचा, चांगल्यानं जाऊन त्याचं सामान आनायचं." यावर हसावं की नाही कुणालाच कळेना. ड्रायव्हरभाऊंनी गपचूप गिअर टाकला.

त्या दिवशी आम्ही घरी गेलोच नाही. संध्याकाळी तसेच, आठ तास उभं राहून सुजलेल्या पायानं, तिसऱ्या दुकानदाराकडं. त्या शहाण्याकडं. तो सवयीनं मांडणीवरचा बूट काढायला लागला. मालक म्हणाले, "त्यो ऱ्हाऊ दे. ह्याचा भाऊ दे, खोक्यातला." त्यांनी स्टुलावर बसून डाव्या पायातला मोजा काढला. इतक्या दिवसांत मी तो पाय पहिल्यांदा नीट बघितला. जरा फुगलेला, उजव्यापेक्षा रुंद, आणि लाजल्यासारखा बोटं मिटून बसलेला. आमच्या नऊ नंबरच्या चौदाही जोड्यांत तो पाय नीट मावतच नव्हता, हे तिथं पाच मिनिटांत कळलं. पहिला काढला, दुसरा काढला. सहावा घालून ते उठले आणि पाच पावलं टाकून थांबले नाहीत. दुकानाच्या दोन फेऱ्या मारल्या, बाहेरच्या पायरीवर जाऊन आले, मग मधोमध उभे राहिले आणि दुकानदाराशी गप्पा मारायला लागले. त्याच्या गावाची चौकशी, पोरांच्या शाळा, चिखलीत आधी कुठं कुठं ऊस होता ते. अर्धा तास. दुकानदार मला खुणेनं विचारतोय, काय झालं? मला कळलं. ते टेबलापाशी उभे होते.

बूट दिसायला भयंकर होता. काळा, पुढून बेडकासारखा, तळ जाडजूड, आत पोटरीखालच्या खळग्यात... नाही, तळव्याच्या खळग्यात एक उंचवटा. माझं असंच होतं, त्या दिवसाचं सांगताना सगळं एकमेकांत जातं. नंबर दहा. उजव्यात सैल होत होता, म्हणून त्यात एक जास्तीचा तळ घातला. मालकांनी पट्टी खिशातून काढली, बुटाकडं बघितलं आणि न मोजता परत ठेवली. दुकानदारानं दोन्ही हात कपाळाला लावले.

बुटानं टाच बरी झाली असं काही नाही. सकाळचं पहिलं पाऊल तसंच होतं, बाटली आणि पायरीवरचा व्यायाम चालूच होता. पण ते उभे राहिले. महिनाअखेरीला साहेब दोन वाजता मुद्दाम टेबलापाशी येऊन थांबले. मालक दोन्ही पायांवर. साहेब म्हणाले, "काका, पायाचं काय?" मालक म्हणाले, "कुठल्या?" साहेब परत गोंधळले. मी मात्र एक बघितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डाव्या ब्रॅकेटलाही सगळी गेज लावायला सुरुवात केली. एकही खराब निघाली नाही. तरी शेवटच्या दिवसापर्यंत लावत राहिले. त्या शेवटच्या दिवशी भाषण झालं, शाल झाली, आणि शिफ्ट सुटायच्या आधी ते टेबलापाशी आले, मला हातानं जरा डावीकडं सरकवलं, म्हणाले, "हितं हुबा ऱ्हा. उजेड हिकडनं येतो," आणि बसमध्ये जाऊन शेवटच्या सीटवर रुमाल तोंडावर टाकून बसले. त्या दिवशी झोपले नव्हते, एवढं मला दिसत होतं.

आता ते घरी असतात. पहाटे उगाच उठतात. खाली बसून वरच्या खोल्यांतली पावलं ऐकतात आणि काकूंना सांगतात, चार नंबर उठला, सात नंबरला आज सुट्टी हाय. बसमध्ये त्यांची नक्कल करायची फर्माईश अजून येते, पण मालक मागच्या सीटवर नसले की ती नीट होत नाही. पहिले दोन-चार महिने केली, मग मी सोडून दिली.

गेल्या आठवड्यात पहाटे मी पलंगावरून पाय खाली टेकला आणि भिंत धरली. खिळाच. दोन पावलं टाकली, परत भिंत. खोलीत कुणी नव्हतं आणि मी कुणासाठी काही करत नव्हतो, पण चाल हुबेहूब जमली होती.

"नकल्या," खालून आवाज आला, "सकाळच्या पारी माझी नक्कल करतो व्हय रं?"

"नाही मालक."

मग जिन्यात पावलं यायला लागली, एक जड, एक हलकं, मध्ये एक थांबा. दार उघडंच होतं. ते आत आले, पायांत तेच बेडकासारखे बूट, खिशाला पट्टी.

"कुठला?" त्यांनी विचारलं.

मी खाली माझ्या दोन्ही पायांकडं बघितलं. एवढं दुखत होतं, आणि तरी मला पटकन सांगता येईना. मालक गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसले, माझ्या डाव्या टाचेवर अंगठा टेकवला, मग उजव्या. मी ओरडलो.

"हां," ते म्हणाले. "आता कामावर जा. सांजच्याला सुटला की खाली ये. ह्या आजाऱ्याला बाजारात न्हेऊ."